घर की रुग्णालय? आमिश कुळांतील बाळंतपणांचा कागदोपत्री माग

अमेरिकेतील जन्मदाखल्याचा राष्ट्रीय नमुना २००३ मध्ये बदलला, तेव्हा त्यात एक छोटा प्रश्न नव्याने आला. बाळ घरी जन्मले असेल, तर बाळंतपण घरीच करायचे असे आधी ठरले होते का? उत्तर 'हो' किंवा 'नाही'. सर्व राज्यांनी हा नमुना स्वीकारेपर्यंत दहा वर्षांहून अधिक काळ गेला. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र हा प्रश्न फार मोलाचा आहे. त्याआधीच्या राष्ट्रीय नमुन्यात, बेत करून घरी राहिलेली बाळंतीण आणि दवाखान्याची वाट धरण्याआधीच मोकळी झालेली बाळंतीण, या दोघी एकाच रकान्यात बसत. जन्म घरी झाला एवढे तो कागद सांगे. तो स्वेच्छेने झाला की नाइलाजाने, याबद्दल तो गप्प असे.

पेनसिल्व्हेनिया, ओहायो, इंडियाना या राज्यांत अशी अनेक कुटुंबे आहेत, की ज्यांचे आजोबा-पणजोबा आमिश होते, पण आजची पिढी त्या पंथात नाही. अशा घरात बाळाची चाहूल लागली, की घर की रुग्णालय हा प्रश्न येतो आणि त्याच्या मागे पूर्वजांची साक्ष उभी केली जाते : आपल्याकडे बाळंतपणे घरीच होत. या विधानात दोन दावे आहेत. पहिला, जन्म घरी होत. दुसरा, न बोललेला, की पूर्वजांनी घर निवडले होते. पहिला दावा सिद्ध करणे फारसे अवघड नाही. दुसऱ्यासाठी मात्र एकेक कागद तपासत जावे लागते.

सर्वांत जुना कागद कोणता मिळू शकतो, हे आमिशांच्या श्रद्धेनेच ठरवले आहे. १६९३ मध्ये स्वित्झर्लंड आणि आल्सास भागातील ॲनाबॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथात फूट पडली आणि याकोब अम्मान याच्या बाजूचे लोक पुढे आमिश म्हणून ओळखले गेले. अठराव्या शतकात त्यांची कुटुंबे पेनसिल्व्हेनियात येऊ लागली. हे लोक तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत. जाणत्या वयात, स्वतःच्या इच्छेने घेतलेलाच बाप्तिस्मा ते मानतात. म्हणून शेजारच्या लूथरपंथी जर्मन कुटुंबांच्या जन्माचा माग जसा चर्चच्या बाप्तिस्मा-वहीत लागतो, तसा आमिश कुटुंबांचा लागत नाही. त्यांच्या जन्मनोंदी घरात, बायबलच्या कोऱ्या पानांवर सापडतात. काही पाने सुंदर रंगवलेली असतात. लँकेस्टर परगण्यातील बार्बरा एबरसोल (१८४६–१९२२) ही आमिश स्त्री अशा नामपत्रांसाठी प्रसिद्ध आहे, आणि तिने सजवलेली पाने आज संग्राहक जपून ठेवतात.

या पानांची साक्ष कितपत ग्राह्य धरावी? तारखेपुरती ती सहसा विश्वसनीय असते. विशेषतः शाई आणि अक्षर प्रत्येक नोंदीला बदललेले दिसले, म्हणजे त्या त्या वेळी नोंद झाली असे मानता येते. एकाच हाताने, एकाच शाईने दहा मुलांची नावे लिहिलेली असली, तर ती नंतर आठवून किंवा जुन्या पानावरून उतरवली असण्याचा संभव मोठा. पण दोन्ही प्रकारांत मजकूर ठरावीक असतो : नाव, दिवस, महिना, साल. जन्म कोणत्या खोलीत झाला, उशाशी कोण होते, हे त्यात सहसा नसते. छापील वंशावळींचेही तसेच. ह्यू गिंगरिच आणि रेचल क्रायडर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेला आमिश वंशावळींचा जाडजूड ग्रंथ या विषयातला आधारस्तंभ आहे. कोण कुणाचे, हे तो चोख सांगतो. सुईण कोण होती, हे त्याच्या कक्षेबाहेरचे आहे.

दुसरे साधन खानेसुमारी. १९०० आणि १९१० च्या अमेरिकन खानेसुमारीत प्रगणकाने प्रत्येक विवाहित स्त्रीला दोन आकडे विचारले : आजवर किती मुले झाली, आणि त्यांतली किती हयात आहेत. आमिश घरांतही हे प्रगणक गेले. बायबलच्या पानावर नऊ नावे आहेत आणि खानेसुमारीत आईच्या नावापुढे अकरा झाली, आठ हयात, असे असेल, तर दोन मुले नाव लिहिण्याआधीच गेली, असा तर्क करता येतो. तर्कच, कारण प्रगणकाला उत्तर देणारी व्यक्ती आई होती की सासरा, हे त्या तक्त्यात नोंदलेले नाही. तरीही या दोन आकड्यांचे मोल मोठे. 'पूर्वी सगळे घरी सुखरूप होई' असे म्हणणाऱ्याने आधी हे रकाने पाहावेत. आणि 'घरी होते म्हणूनच मुले दगावत' असे म्हणणाऱ्यानेही. कारण हे तक्ते मृत्यू सांगतात, मृत्यूचे कारण सांगत नाहीत. आणि त्या काळात अमेरिकेतील बहुतेक सर्व बाळे, आमिश असोत वा नसोत, घरीच जन्मत होती.

तिसरे साधन वृत्तपत्र. ओहायोतील शुगरक्रीक येथे १८९० मध्ये 'द बजेट' हे साप्ताहिक सुरू झाले. गावोगावचे वार्ताहर त्यात आपल्या वस्तीची पत्रे लिहितात : पाऊस, पेरणी, रविवारी कुणाकडे प्रार्थना झाली, कोण आजारी, कुणाकडे बाळ झाले. मुलगी झाली की घरात भांडी घासणारी आली, मुलगा झाला की लाकडे फोडणारा आला, अशा कौतुकाच्या ठरीव शब्दांत ती बातमी येते. समकालीन पुरावा म्हणून ही पत्रे उत्तम, कारण ती जन्मानंतर काही दिवसांतच लिहिलेली असतात. पण त्यांतूनही जागेचा उलगडा अपवादानेच होतो. वार्ताहर नेमके तेच लिहितो, जे वाचकाला ठाऊक नसेल. 'आई रुग्णालयातून घरी आली' असा उल्लेख आला तर तो निर्णायक. मौन असेल तर जन्म घरी झाला असावा, हे केवळ अनुमान. आणि जसजसा काळ पुढे सरकतो, तसतसे ते अनुमान कमकुवत होत जाते.

आता सरकारी दाखल्याकडे यावे. केंद्रीय जन्मनोंदणी क्षेत्र १९१५ मध्ये दहा राज्ये आणि राजधानीचा जिल्हा घेऊन सुरू झाले. देशातील सर्व राज्ये त्यात यायला १९३३ उजाडले. दाखल्यावर जन्मस्थळ असे, आणि प्रसूतीला हजर असलेल्या डॉक्टरची किंवा सुईणीची सही असे. आपल्या शोधात प्रथमच कागदावर दोन माणसे उमटतात : बाळंतीण, आणि तिचे बाळंतपण करणारी व्यक्ती. १९२१ च्या शेपर्ड–टाउनर कायद्याने मातांच्या आणि अर्भकांच्या आरोग्यासाठी केंद्राचा निधी राज्यांकडे आला. त्यातून अनेक ठिकाणी सुईणींची नोंद आणि प्रशिक्षण झाले. हा कायदा १९२९ मध्ये संपला, पण तोवर राज्यांच्या दप्तरांत या स्त्रियांचा माग शिल्लक राहिला होता.

याच दप्तरांतून निघणारे राष्ट्रीय आकडे आपल्या प्रश्नाला कलाटणी देतात. १९४० मध्ये अमेरिकेतील सुमारे ४४ टक्के बाळे रुग्णालयाबाहेर जन्मली. १९६९ मध्ये हे प्रमाण सुमारे १ टक्क्यावर आले होते. एका पिढीच्या आत सगळा देश घरातून रुग्णालयात गेला. १९०० मध्ये जन्मलेल्या आमिश बाळाच्या आईने 'घर निवडले' असे म्हणणे इतिहासाला धरून नाही. तिच्यासमोर, तिच्या इतर शेजारणींप्रमाणे, दुसरा व्यवहार्य मार्ग जवळजवळ नव्हता. १९६९ मध्ये घरी बाळंत झालेली आमिश स्त्री मात्र शंभरातली एक होती. शेजारच्या बायका रुग्णालयात जात असताना ती घरी राहिली. निवड या शब्दाला अर्थ येतो तो इथे. कुळातला जन्म १९४० च्या आधीचा की नंतरचा, हे आधी पाहिल्याशिवाय पूर्वजांच्या निवडीबद्दल काहीही बोलता येत नाही.

पण ती घरी का राहिली? धर्माज्ञा म्हणून, असे उत्तर बाहेरचे लोक चटकन देतात. या उत्तराला आधार मिळत नाही. आमिश जीवनाचे नियम, म्हणजे ऑर्डनुंग, बहुतांशी अलिखित असतात आणि प्रत्येक मंडळीचे वेगळे असतात. पण रुग्णालयात जाऊ नये, डॉक्टरची मदत घेऊ नये, असा सर्वमान्य नियम त्यांत नाही. पहिले बाळंतपण रुग्णालयात आणि ते सुरळीत पार पडले तर पुढची घरी, अशीही रीत अनेक कुटुंबांत दिसते. घराबाहेर बाळंत होण्यास धर्माची मनाई असती, तर ही रीत पडलीच नसती.

कारणे शोधण्यासाठी आठवणींच्या पुस्तकांकडे वळावे लागते. योगायोगाने अशी दोन पुस्तके एकाच वर्षी, १९८६ मध्ये, आली आणि दोन्ही लँकेस्टर परगण्याबद्दल आहेत. ग्रेस कायझर या ऑस्टिओपॅथी शाखेच्या डॉक्टरने 'डॉ. फ्राउ' या पुस्तकात आमिश आणि त्यांच्याच ॲनाबॅप्टिस्ट परंपरेतल्या मेनोनाइट घरांत जाऊन केलेल्या प्रसूतींचा जवळजवळ तीन दशकांचा अनुभव सांगितला. पेनी आर्मस्ट्राँग या स्कॉटलंडमध्ये प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका-सुईणीने, शेरिल फेल्डमन यांच्या सोबतीने, 'अ मिडवाइफ्स स्टोरी' लिहिले. रुग्णालयात शिकलेली ही सुईण आमिश शेतघरांत येते आणि बाळंतपणाकडे पाहण्याची तिची दृष्टी बदलत जाते, हे त्या पुस्तकाचे सूत्र.

अशा पुस्तकांचे वजन सावधपणे करावे. ती घटनांनंतर लिहिलेली आहेत. वाचनीयतेसाठी प्रसंग निवडले, जोडले गेले असणार. आणि लिहिणारी व्यक्ती घरच्या प्रसूतीच्या बाजूची आहे. घरी राहून पस्तावलेल्या स्त्रीला यांपैकी एकही पुस्तक लिहिता आले नाही, हे विसरू नये. तरीही दोन स्वतंत्र साक्षी एका मुद्द्यावर जुळतात : घरचे बाळंतपण म्हणजे एकटीचे बाळंतपण नव्हे. घरी येणारे माणूस प्रशिक्षित होते, आणि विश्वासातले होते. स्त्रीने घराची निवड केली, असे आपण म्हणतो. या दोन साक्षी एकत्र ठेवल्या की तिने जागेइतकीच, कदाचित जागेपेक्षा जास्त, व्यक्तीची निवड केली होती असे दिसते. हा माझा निष्कर्ष आहे, त्यांचा शब्द नाही.

पैशाचा पुरावा अधिक ठोस आहे. स्वतःचा धंदा असलेल्या आमिशांना १९६५ च्या कायद्याने सामाजिक सुरक्षा करातून सूट मिळाली. त्यासाठीचा अर्ज क्रमांक ४०२९ आजही भरला जातो, आणि त्यात अर्जदार त्या योजनेचे लाभही सोडतो. व्यापारी विमा आमिश सहसा घेत नाहीत. आजारपणाचे मोठे बिल आले तर मंडळी आपसात वर्गणी करून ते भागवतात. म्हणजे रुग्णालयाचे बिल विमा कंपनीकडे न जाता शेजाऱ्यांच्या खिशातून जाते. निरोगी स्त्रीने सातव्या बाळंतपणासाठी तो भार घालावा का, हा धर्मापेक्षा हिशेबाचा आणि भिडेचा प्रश्न ठरतो. शिवाय अंतर आहेच. आमिश घरात फोन नाही, तो गल्लीच्या टोकाच्या खोपटात. स्वतःची मोटार नाही, भाड्याचा चालक बोलवायचा. रात्री कळा सुरू झाल्या तर रुग्णालय नकाशावर दिसते त्याहून दूर असते.

मग न्यायालयाची कागदपत्रे. ती महत्त्वाची, कारण घरी काय घडते हे शपथेवर सांगण्याची वेळ तिथेच येते. ओहायोतील होम्स परगण्यात आमिश स्त्रियांची बाळंतपणे करणाऱ्या फ्रीडा मिलर या मेनोनाइट सुईणीने रक्तस्राव थांबवणारी औषधे बाळगली होती. ती कुणाकडून मिळाली, हे सांगण्यास तिने नकार दिला आणि २००२ मध्ये न्यायालयाच्या अवमानासाठी तिला तुरुंगात जावे लागले. पेनसिल्व्हेनियात राज्य वैद्यक मंडळाने डायान गॉस्लिन या सुईणीला दंड ठोठावून काम थांबवण्याचा आदेश दिला. २००८ मध्ये त्याच राज्याच्या कॉमनवेल्थ न्यायालयाने तो आदेश रद्द केला. या दोन खटल्यांचे निकाल भिन्न आहेत, पण आपल्या शोधासाठी पहिल्यातला एक तपशील अधिक मोलाचा. घरच्या प्रसूतीत रक्तस्राव होऊ शकतो, हे सुईणीला पक्के ठाऊक होते आणि ती औषध घेऊन जात होती. भोळ्या श्रद्धेवर सोडून दिलेले बाळंतपण असे नसते. त्याच वेळी हेही उघड होते, की जीव वाचवणारे औषध तिला उघडपणे बाळगता येत नव्हते. घरच्या बाळंतपणातला एक धोका घराने नव्हे, कायद्याने निर्माण केला होता.

घर आणि रुग्णालय यांच्यामधली तिसरी जागाही नोंदीत सापडते. ओहायोतील माउंट ईटन येथे डॉ. एल्टन लेमन यांनी १९६० च्या दशकापासून आमिश कुटुंबांत काम केले. तिथे १९८५ मध्ये माउंट ईटन केअर सेंटर हे प्रसूतिगृह उभे राहिले. विस्कॉन्सिनमधील ला फार्ज येथील प्रसूतिगृहाची तर आकडेवारीच उपलब्ध आहे. डॉ. जेम्स डीलाइन आणि सहकाऱ्यांनी १९९३ ते २०१० या काळातील ९२७ प्रसूतींचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. सिझेरियनचे प्रमाण ४ टक्के. पूर्वी सिझेरियन झालेल्या ज्या स्त्रियांनी नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न केला, त्यांतल्या ९५ टक्के यशस्वी. मातेचा मृत्यू एकही नाही. नवजात मृत्यू हजारी ५.४, त्या राज्यात हेच प्रमाण ४.६ होते आणि लेखकांनी ते तुल्य मानले.

हे आकडे वाचून मन हरखते, पण इथेच थांबून प्रतिप्रश्न करायला हवा. सव्वानऊशे प्रसूतींत हजारी ५.४ म्हणजे पाच बाळे. एवढ्या लहान संख्येत एका मृत्यूचा फरक पडला तरी प्रमाण बरेच हलते. तेव्हा 'तुल्य' याचा अर्थ 'तेवढेच सुरक्षित असे सिद्ध झाले' असा होत नाही. शिवाय या स्त्रियांतल्या अनेकींची आधी बरीच बाळंतपणे झाली होती. आमिश कुळ सोडून शहरात वाढलेल्या, तिशीत पहिलटकरीण असलेल्या नातीला आजीचे हे आकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

शेवटचा पुरावा रक्ताचा आहे, आणि तोच या कुळांच्या दृष्टीने सर्वांत वजनदार. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील व्हिक्टर मॅक्युसिक यांनी १९६४ मध्ये सहकाऱ्यांसह लँकेस्टरच्या आमिशांतील एलिस–व्हॅन क्रेव्हेल्ड सिंड्रोमवर निबंध प्रसिद्ध केला. ठेंगणेपणा, हाताला सहावे बोट आणि अनेकदा हृदयातील दोष, अशी याची लक्षणे. घरोघरच्या वंशावळी जुळवत त्यांनी हा वारसा १७४४ मध्ये अमेरिकेत आलेल्या सॅम्युअल किंग आणि त्याच्या पत्नीपर्यंत नेला. बायबलच्या पानांवरच्या ज्या कोरड्या तारखांनी आपल्याला जन्माची जागा सांगितली नाही, त्यांनीच वैद्यकाला दोनशे वर्षांचा धागा हाती दिला.

पुढे १९८० च्या दशकाच्या अखेरीस डॉ. होम्स मॉर्टन यांना फिलाडेल्फियात एका आमिश मुलाच्या लघवीच्या नमुन्यात ग्लुटारिक ॲसिड्युरिया हा दुर्मीळ विकार आढळला. ते लँकेस्टरला गेले, तेव्हा त्या मुलासारखाच लुळेपणा असलेली आणखी मुले भेटली. अनेकांच्या कागदांवर निदान होते सेरेब्रल पाल्सी. त्या काळी हे निदान झाले की जन्मवेळी प्राणवायू कमी पडला असेल, असा संशय सहज घेतला जाई. आणि जन्म घरी झालेला असेल तर बोट कुणाकडे वळत असेल, याची कल्पना करता येते. मॉर्टन आणि सहकाऱ्यांच्या १९९१ च्या निबंधाने चित्र उलटे केले. ही मुले जन्मतः बहुधा ठीक असत. मेंदूला इजा होई ती नंतर, पहिल्या दोन वर्षांत, एखाद्या साध्या तापाच्या किंवा जुलाबाच्या आजारात. दोष खोलीचा नव्हता, सुईणीचा नव्हता. एका विकराच्या अभावाचा होता. १९८९ मध्ये मॉर्टन यांनी स्थापलेले क्लिनिक फॉर स्पेशल चिल्ड्रन लँकेस्टर परगण्यातील स्ट्रासबर्ग येथे उभे राहिले, ते आमिश आणि मेनोनाइट लोकांच्या हातांनी. बाळाच्या टाचेतून घेतलेले रक्ताचे थेंब गाळणकागदावर वाळवून तपासले की हा विकार आजारपणाआधी कळतो आणि आहार-उपचाराने बहुतेक मुलांचा मेंदू वाचवता येतो. हा कागद सुईणही घरी भरू शकते, आणि भरते.

आता पुरावा तोलून निकाल द्यावा. आमिश पूर्वजांची बाळंतपणे घरी होत, हे खात्रीचे. १९४० पूर्वी ती त्यांची वेगळी निवड होती, हे सिद्ध होत नाही. त्यानंतर ती निवड होती, हे बहुतांशी मान्य करता येते. पण तिच्यामागे विश्वासू हात, पैसा आणि अंतर ही कारणे ठळक दिसतात, धर्माज्ञा दिसत नाही. आजच्या पिढीकडे मोटार आहे, बहुधा विमाही आहे, पण आजीला मिळालेली सुईण असेलच असे नाही. म्हणून 'आपल्याकडे घरीच होत' हे वाक्य घराच्या बाजूने पुरावा ठरत नाही, आणि रुग्णालयाच्या बाजूनेही नाही. पूर्वजांकडून एक गोष्ट मात्र खात्रीने चालत आलेली असू शकते : त्यांची जनुके. हे विकार आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच उद्भवतात. एकाच बाजूला आमिश मूळ असेल तर धोका पुष्कळ कमी, दोन्ही बाजूंना असेल तर दुर्लक्ष करण्याजोगा नाही. तेव्हा अशा कुटुंबाने जागा ठरवण्याआधी वंशावळ उघडावी, ती डॉक्टरला आणि सुईणीला दाखवावी, आणि बाळ कुठेही जन्मले तरी टाचेच्या रक्ताची तपासणी चुकवू नये.